म्हाळाचं वायलं पान

भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी आमच्या घरी एक पान जास्त मांडलं जायचं. सगळ्या गेलेल्या माणसांची पानं वाढून झाली, की चुलीपाशी बसलेली आजी तिथूनच सांगायची, "बसऱ्याच्या आज्याचा पान वायला काढ." मग माजघरात एका बाजूला आणखी एक केळीचं पान पडायचं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं इतरांसारखंच. पान तेवढं वेगळं, कारण हा माणूस घरी गेला नव्हता. त्याला गावच्या मसणवटीतली आग मिळाली नव्हती.

बसरा हे कुडाळच्या पलीकडचं एखादं गाव असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. हायस्कुलात भूगोलाच्या तासाला इराकच्या टोकाशी ते नाव सापडलं, आणि आजीच्या त्या हाकेतलं अंतर पहिल्यांदा कळलं.

आता डिसेंबर उजाडला की शाळांतून ध्वजदिनाची छोटी कागदी निशाणं येतात. १४ जानेवारीच्या आसपास तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा मेळावा भरतो, शाल-श्रीफळ होतं, वीरपत्नींना पुढच्या खुर्च्या दिल्या जातात. हे सगळं चांगलं आहे आणि व्हायलाच हवं. पण फौजेत गेलेल्या माणसाची आठवण कोकणात या दिवसांच्या कितीतरी आधीपासून ठेवली जाते. तिची मुळं दगडात आहेत, पंचांगात आहेत, जुन्या कागदांत आहेत आणि स्वयंपाकघरातही आहेत.

दगडापासून सुरुवात करू. कोकणात देवळांच्या आवारात, पाणवठ्यांजवळ, कधी शेताच्या बांधावर वीरगळ उभे दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. उत्तर कोकणात, आज मुंबईच्या बोरिवलीत येणाऱ्या एकसरला, जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क आरमारी लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या रांगा, डोलकाठ्या, होड्यांवरचे तिरंदाज. तेराव्या शतकात शिलाहार आणि यादव यांच्यात झालेल्या समुद्रावरच्या युद्धाशी ते जोडले जातात. दर्यावर लढून मेलेल्या माणसांसाठी किनाऱ्यावर दगड उभारायची रीत इतकी जुनी आहे. मात्र बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला माणूस ठाऊक होता, तेव्हा नाव कोरायची गरज कुणाला वाटली नसेल. चार पिढ्यांनी माणूस विसरला गेला आणि दगडाचा देव झाला. आज त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, पण तो कोण होता हे विचारलं तर गुरवालाही सांगता येत नाही.

पंचांगातही याची नोंद आहे. पितृपंधरवड्यात ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचं श्राद्ध, पण वद्य चतुर्दशीच्या घरात छापलेलं असतं 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. शस्त्राने गेलेल्यांसाठी हा दिवस राखलेला. आमच्याकडे सगळ्यांचा म्हाळ एकाच दिवशी व्हायचा, म्हणून आजीने दिवसाऐवजी पान वेगळं केलं असावं, असा माझा अंदाज आहे.

आणि जुन्या कागदांत एक शब्द आहे, जो मला फार मोलाचा वाटतो: बालपरवेशी. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी मराठेशाहीत सरकारातून जी नेमणूक मिळे, तिला हे नाव होतं. आज आपण ज्याला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतो त्याची ही जुनी वाट. या शब्दात उपकाराचा सूर नाही. बाप सरकारच्या कामी आला, आता पोरं वाढवणं सरकारचं काम, एवढा सरळ हिशेब त्यात आहे.

हे कामी येणारे लोक कोण होते? शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, तेव्हा आरमारावर चढले ते याच किनाऱ्याचे कोळी, भंडारी, गाबीत आणि कोकणी मुसलमान. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं शाळेतल्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांवरही हीच माणसं होती. अलिबागेत कान्होजींची समाधी आहे, आणि मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आय.एन.एस. आंग्रे' हे नाव आहे. सरदाराला समाधी मिळाली. वल्हं मारणाऱ्याला मिळाली नाही, आणि तशी अपेक्षाही त्या काळात कुणाची नसावी.

मराठ्यांचं राज्य गेल्यावर हे मनुष्यबळ इंग्रजांच्या पलटणींकडे वळलं. त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे अठराव्या शतकापासूनच, कंपनीची मुंबई फौज कोकणातून माणसं उचलत होती. आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती १७६८ साली उभी राहिली. पाठोपाठ १७६९ मध्ये दुसरी आली, 'काली पांचवीं'.

लोक का गेले, याचं उत्तर शौर्याच्या गोष्टींत शोधण्याआधी सातबाऱ्यावर शोधावं. पावसाळ्यातलं एक भाताचं पीक, उरलेले आठ महिने डोंगर उघडे. जमीन खोताची, कसणारा कुळ. एका घरात चार भाऊ असले तर एक शेतावर राहायचा, एक मुंबईच्या गिरणीत जायचा, एक बोटीवर खलाशी, आणि चौथा पलटणीत. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा तेव्हा कुठे मिठा-मिरचीचे पैसे सुटायचे. दक्षिण कोकणातल्या पोराला तर पलटण फार लांबही नव्हती. आंबोलीचा घाट चढून गेलं की पुढे बेळगाव, आणि बेळगावात मराठ्यांचं केंद्र. अजूनही आमच्याकडे 'बेळगावाक गेलो' म्हटलं की भरती झाला हाच अर्थ घेतात. पोट भरायला गेलेला माणूस शूर नसतो असं मात्र कुणी समजू नये. पोटासाठी गेला आणि पलटणीच्या नावासाठी उभा राहिला, असं या सगळ्या घरांमध्ये घडलेलं आहे. महाडजवळच्या आंबवड्याला लोक 'फौजी आंबवडे' म्हणतात, कारण तिथे घरटी एक तरी माणूस सैन्यात आहे किंवा होता.

दापोलीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. आजही जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात, तो कॅम्प इंग्रजांनी १८१८ नंतर दक्षिण कोकणासाठी वसवलेला लष्करी तळ. १८४० च्या सुमारास तिथलं नेहमीचं सैन्य हललं आणि वयस्क शिपायांची एक पलटण तेवढी राहिली. पुढे तीही मोडली. पण पेन्शनरांनी दापोली सोडली नाही. हवा थंड, पेन्शन हातात, आणि आजूबाजूला सगळे पलटणीतलेच. यात महार पेन्शनर मोठ्या संख्येने होते. मुंबई फौजेत महार शिपायांची मोठी परंपरा होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमेकाठी जो स्तंभ उभा राहिला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी महारांच्या नावांत असणारा 'नाक' आहे. नाव कोरलेला दगड! वीरगळाच्या दृष्टीने पाहिलं तर ही केवढी मोठी गोष्ट. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या १ जानेवारीला तिथे गेले ते उगाच नाही.

बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. फौजेत सुभेदार झाले, पलटणीच्या शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर काही काळ त्यांचं बिऱ्हाड दापोलीतच होतं. त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले. पलटणीने त्यांना अक्षर दिलं होतं, आणि त्या अक्षरांनी ते अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था त्यांनी काढली.

नेमक्या याच काळात, १८९२-९३ च्या सुमारास, सरकारने महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असली एक वाटणी तेव्हाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसली होती. ज्यांच्या बापजाद्यांची नावं दगडावर कोरली, त्यांच्याच पोरांना भरतीच्या मैदानावरून परत पाठवलं. वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध एक विनंतीपत्र तयार केलं. आम्ही पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्याची आठवण ठेवा, ही त्यामागची मागणी. मला हा कागद कोकणातल्या माजी सैनिकांच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. कारण कृतज्ञता म्हणजे नुसता हार नव्हे, पुढच्या पिढीला दार उघडं ठेवणं हाही तिचा भाग आहे, हे एका निवृत्त शिपायाने दापोलीत बसून सांगितलं. दार उघडायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून.

आता बसऱ्याकडे येतो.

१९१४ च्या शेवटी हिंदुस्थानातून फौजा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरल्या. त्यात सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बसरा घेऊन ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने वर सरकली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांशी मोठी लढाई झाली आणि तिथून माघार घेत ती कुत-अल-अमाराच्या वळणात येऊन अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. बाहेरून सुटका करायला आलेल्या फौजांनी तीन-चार वेळा जोर केला आणि हजारो माणसं गमावली. आत दाणा संपत चालला. घोडे मारून खायची वेळ आली. कितीतरी शिपायांनी धर्म बुडेल म्हणून ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही, आणि उपासाने, हगवणीने खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. वाळवंटातून त्यांना पायी हाकलत नेलं, वाटेत आणि पुढे अनातोलियातल्या रेल्वेच्या कामावर हजारोंनी मेली. ज्या माणसांना गावच्या व्हाळाचं पाणी आठवत असेल त्यांनी त्या उन्हात काय सोसलं असेल, याचा विचार केला की अजूनही हात थांबतो.

युद्ध संपल्यावर बसऱ्याला मोठं स्मारक झालं. १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक माणसांसाठी ते आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या. अमुक पलटण, आणि पुढे इतके. यातून निघणारा अर्थ सरळ आहे. माझ्या घरातला जो माणूस तिथे राहिला, तो त्या भिंतीवर एका आकड्यातला एक होता. पुढे ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं गेलं. सरकारी भिंतीने ज्याला आकडा केला, त्याला आमच्या आजीने पान दिलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

समुद्रावर गेलेल्यांची कथा याहून अवघड. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांच्या गावांतून, खाडीकाठच्या वाड्यांतून, खलाशी, टंडेल, सारंग म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या व्यापारी बोटींवर जात. युद्ध झालं की त्याच बोटी युद्धाच्या कामाला लागत, आणि टॉर्पेडोला हा खलाशी आहे की सैनिक हे कळत नाही. मुंबईत मशीद बंदरला भारतीय खलाशांच्या होममध्ये पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरं थडगं नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तिथे जपलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या नौदलाच्या आणि व्यापारी बोटींवरच्या सहा हजारांहून जास्त माणसांची नावं तर एका नोंदवहीत लिहिली आहेत. तिची एक प्रत मुंबईला, एक चितगावला. लोकलने रोज मशीद बंदरवरून जाणाऱ्या कोकणी माणसांनी एकदा उतरून तिथवर जावं, असं मला मनापासून वाटतं. बंदरात बोट लागली की पडावातून, मग माणसाच्या खांद्यावरून किनाऱ्याला उतरणारा माणूस या घरांनी पाहिलेला असतो. ज्या वर्षी तो उतरला नाही, त्या वर्षी तार आली असेल, किंवा तीही आली नसेल.

रॉयल इंडियन नेव्हीतही कोकणचा मोठा भरणा होता. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या तळावर खलाशांनी संप पुकारला आणि दोन-तीन दिवसांत तो इतर बंदरांत पसरला. निकृष्ट अन्न, गोऱ्यांची शिवीगाळ, वेगळी वागणूक अशी कारणं होती, पण मास्तुलावर चढलेले झेंडे काँग्रेसचे, लीगचे आणि लाल बावट्याचेही होते. शेकडो जणांना नोकरीवरून काढलं. पेन्शन नाही, दाखला वाईट. स्वातंत्र्य दीड वर्षावर आलं होतं, तरी त्यांना त्याच नोकरीत परत घेतलं नाही. आज कुलाब्याला या उठावाचं स्मारक आहे. पण १९४६ साली ट्रंक घेऊन गावी परतलेल्या विशीतल्या पोराला तेव्हा कुणी हार घातला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धातलं एक नाव मात्र कोकणात घराघरात आहे: नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. त्यांची पलटण तिसरी-पाचवी मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. एरिट्रियातलं केरेन लढलेली ही पलटण पुढे इटलीत होती. १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. पन्नासएक यार्डांवरून आलेल्या त्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. उरले एकटे यशवंतराव. ते थेट मशीनगनवर धावले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा संपवला, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागून त्याच ठाण्यात पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे.

२०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने इटलीतल्या मोंतोने या लहानशा गावात स्मारक उभं राहिलं. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य पाहिलेल्या माणसाला ही बातमी वाचून काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको. परक्या गावातल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी आपल्या माणसाची आठवण काढली, आणि ती नेमकी आपल्या जुन्या खुणेने.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी दिवसांबद्दल थोडक्यात. आधी ११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची आठवण म्हणून कागदी पॉपीची फुलं विकली जात. १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवलं की आपला स्वतःचा दिवस असावा, आणि ७ डिसेंबर हा ध्वजदिन झाला. लाल, गडद निळा, फिका निळा अशा तीन पट्ट्यांचं ते निशाण: भूदल, नौदल, हवाईदल. जमणारा निधी माजी सैनिक, जखमी जवान आणि वीरांच्या कुटुंबांसाठी जातो. १४ जानेवारी का, तर १९५३ मध्ये त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. पहिले भारतीय सरसेनापती ते, पुढे फील्ड मार्शल. २०१६ पासून तो माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. एक हुद्दा एक पेन्शन २०१५ मध्ये लागू झाली. महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे. ही माफी गावात अनेकांना माहीतच नसते. तुमच्या वाडीत कुणी माजी सैनिक असतील तर त्यांच्या घरी जाऊन तेवढं जरूर विचारा.

हे सांगतो कारण कागदाचं काम किती जिवावर येतं ते मी काकूंमुळे पाहिलं आहे. माझे काका जंगी पलटणीत हवालदार होते. १९७१ च्या डिसेंबरात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत ते होते, आणि त्या लढाईबद्दल आम्ही कितीही खोदून विचारलं तरी "थंडी खूप होती" यापलीकडे बोलायचे नाहीत. चाळिशीच्या आत निवृत्त झाले, कारण जवान तसाच लवकर निवृत्त होतो. मग मुंबईत एका बँकेच्या दारात बारा वर्षं बंदूक घेऊन उभे राहिले. गावी आले तरी पहाटे पाचला दाढी, अंथरुणाची चादर कडेला कड लावून घडी केलेली, आणि खाटेखाली काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव.

ते गेल्यावर काकूंची पेन्शन अकरा महिने अडकली. पलटणीच्या नोंदीत बायकोचं नाव माहेरचं होतं, आणि आधार कार्डावर लग्नात ठेवलेलं. कोकणातल्या किती बायकांची ही गत असेल! लग्नात नाव बदललं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या नोंदीतला बदलाचा हुकूम, निघायला हवी होती, ती निघाली नव्हती. एका कार्यालयात एका बाबूने काकूंना विचारलं, "तुम्ही त्याच कशावरून?" काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीतून लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटोत काका गणवेशात होते, आठ दिवसांच्या रजेवर आलेले. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदाराने स्वतः बसून अर्ज लिहून दिले आणि काम झालं. आता दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला मी काकूंना घेऊन जातो. अंगठ्याच्या रेषा शेतात झिजल्यामुळे मशीन दोनदा-तीनदा नाही म्हणतं, मग कधीतरी हो म्हणतं.

गेल्या वर्षी काकूंनी ती ट्रंक माझ्या हवाली केली. तळाशी, काकांच्या मेडलांच्याही खाली, चुन्याची एक जुनी डबी होती. तिच्यात एक मेडल. फीत कुजून गेलेली, धातू काळवंडलेला, एका बाजूला पंख असलेली बाई. काकूंनी सांगितलं की अशी दोन आली होती. एक रुप्याचं होतं, ते दुष्काळाच्या साली सोनाराकडे गेलं आणि त्याच्या तोड्या झाल्या. हे कांशाचं, त्याला किंमत नव्हती म्हणून राहिलं.

अशा मेडलांच्या कडेवर अक्षरं ठोकलेली असतात, हे मला माहीत होतं. चिंचेने घासलं. मुलीने फोनचा कॅमेरा मोठा करून कड फिरवत फिरवत एकेक अक्षर वाचलं. आधी नंबर, मग सिपाई, मग नाव, मग ११७ मराठा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग इतकं विचित्र होतं की तिला दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काकू चुलीकडून उठून आल्या.

ते माझ्या काकांचं नाव होतं.

"म्हणान तेंका तां नाव ठेवल्यानी," काकू म्हणाल्या. आजोबांनी आपल्या न परतलेल्या काकाचं नाव मुलाला दिलं होतं, आणि पुढे घरात नुसतं 'बसऱ्याचो आजो' म्हणायची सवय लागल्यामुळे ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

यंदाच्या म्हाळाला पानं मी वाढली. ते नाव दोनदा घेतलं, एकदा काकांच्या पानावर आणि एकदा वायल्या पानावर.